एका वर्षानं धाकटा झालेला मिस्तरी

या अंकात लिहिणारी मंडळी मोठी आहेत. कोणी आयुष्यभर पूल बांधले, कोणी दवाखाने चालवले. त्यांच्या रांगेत मी बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. मी अजून बी. ए.च्या शेवटच्या वर्षात आहे. निवृत्तीनंतरच्या आठवणी लिहायच्या तर आधी नोकरी लागावी लागते, आणि ती अजून लागलेली नाही. माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल आहेत. आमच्या घरात छापील कागदावर नाव आलेला मी पहिलाच, आणि तेही एकदाच, मॅट्रिकच्या निकालात. पण या अंकाचे संपादक आमच्या कॉलेजात शिकवतात. वसतिगृहातल्या मुलांचे फीमाफीचे अर्ज मी लिहून देतो हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं शिकलास?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग हेच लिही." मी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणवलं नाही. वाचकांनी चुकलंमाकलं पोटात घालावं. एक मोठी चूक तर मी स्वतःच पुढं सांगणार आहे.

जालन्याच्या तहसील कचेरीपुढं एक जुना लिंब आहे. त्याच्या सावलीत अर्जनवीस बसतात. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारला काय लिहावं ते कळत नाही, त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हे आमचं काम. सामान म्हणाल तर एक पत्र्याची पेटी, दौत, टाक, टीपकागद आणि अर्जाला लावायची थोडी सरकारी तिकिटं. पेटीचं झाकण हेच मेज. मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात मी तिथं हफीज मुन्शीजींच्या शेजारी बसायला लागलो, आणि पुढची दोन वर्षं कॉलेजला सुट्टी लागली की औरंगाबादहून येऊन बसत राहिलो.

मुन्शीजी साठीच्या पुढचे. निजामाच्या अमलापासून त्याच लिंबाखाली. त्यांचं उर्दू असं की साहेबांपुढं अर्ज वाचताना पेशकार मान डोलवायचा. पण पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्या हळूहळू मराठी झाल्या, वरचे कागद इंग्रजी झाले आणि मुन्शीजींचा टाक रिकामा बसू लागला. मला शाळेत सुरुवातीची वर्षं उर्दूच शिकावं लागलं होतं, मराठी घरची, आणि इंग्रजी हायस्कुलातली. ते म्हणाले, "तुझी इंग्रजी अन् माझी अक्कल, दोन्ही मिळून एक बराबर अर्जनवीस होतो. बैस." मला ते 'कॉलेजवाले' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

या कामाची गंमत अशी की माणूस त्याच्या आज्यापासून सांगायला लागतो, आणि साहेब तीन ओळींच्या पुढं वाचत नाही. म्हणून सगळं ऐकायचं आणि तीनच ओळी लिहायच्या. एकदा आष्टीहून एक म्हातारा आला. तक्रार काय ते आम्हालाही सांगेना. "तुम्हाला काहून सांगू? साहेबालाच सांगीन." मी म्हटलं, मग लिहू काय? मुन्शीजींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि लिहिलं, "अर्जदाराची तक्रार तोंडी ऐकून घेण्याजोगी आहे, मुलाखत मिळावी." म्हाताऱ्याला त्याच दिवशी आत बोलावलं. दुसरे एक मारवाडी शेठजी होते. वर 'श्री' लिहिल्याशिवाय ते अर्जावर सही करत नसत, आणि आवक कारकून सरकारी कागदावर देवाचं नाव नको म्हणून 'श्री' दिसला की अर्ज परत फेकायचा. मुन्शीजी बारीकसा सुबक 'श्री' काढत आणि बरोबर त्याच्यावर तिकीट चिकटवत. तिकिटाखाली 'श्री' आहे हे शेठजींना माहीत, आणि कारकुनाला तो दिसत नाही. दोघांचंही समाधान.

आणखी एक काम आमच्याकडं फार यायचं, तारखा बदलून देण्याचं. आमच्या भागात सरकारी दप्तर फसली सनात चालायचं. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. अजूर, दै, बहमन असे त्याचे महिने. आता जन्म असो, जमीन असो, सगळीकडं इंग्रजी तारीख हवी. मुन्शीजींनी मला नियम घालून दिला होता. फसली सनात पहिल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे आणि पुढच्या नऊ महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव, कारण मध्ये जानेवारी येतो आणि इंग्रजी सन पुढं सरकतो. नियम सोपा आहे. पण माझ्याकडं येत त्या बहुतेक शाळकरी मुलांच्या तारखा, आणि मास्तर लोक पोरांचे जन्म अंदाजानं शाळा उघडायच्या महिन्यातच लिहीत. म्हणजे सगळे जूनमधले. त्यामुळं माझ्या हाताला पाचशे एक्क्याण्णवचीच सवय लागली. हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढं लागेल.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी कौसाबाई आल्या. जिनिंगमध्ये कपाशी निवडायच्या कामाला होत्या. डोक्याच्या केसांत कापसाचे तंतू, बरोबर आठनऊ वर्षांची मुलगी. पदराच्या गाठीतून त्यांनी निळं हवाई पत्र काढलं आणि मुन्शीजींना न देता माझ्यापुढं धरलं.

"भाऊ, तुम्हाला इंग्रजी येतं म्हणे. हे वाचा. पण हळू वाचा, तिकडं बाया ऐकून राह्यल्या."

पत्र मराठीतच होतं. त्यांचे मालक लिंबाजी मिस्तरी, केदारखेड्याच्या सुतारांपैकी. जालन्याच्या जिनिंगमध्ये यंत्रं जोडायला शिकले आणि पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली युगांड्याला, कंपाल्याजवळच्या एका कापसाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले. तिकडंही कापूस पिकतो आणि तिकडंही सरकी काढावी लागते, हे मला त्या पत्रानंच कळलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्यानंतर तिनं बापाला पाहिलेलं नव्हतं.

मिस्तरींनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं. तिथल्या सरकारात आता प्रत्येक परक्या माणसानं रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं. नोंद झाली तर कायमचं राहता येईल, बायकामुलांना बोलावता येईल. नाही झाली तर पुढच्या मार्चअखेर निघून जावं लागेल. पण तिथला अधिकारी विचारतो, तू कोणत्या देशाचा? जुन्या पासपोर्टावर लिहिलंय, निजामाच्या राज्याची प्रजा. अधिकारी म्हणतो, असं राज्य माझ्या यादीत नाही. खरंच आहे, ते आता कुणाच्याच यादीत नाही. तेव्हा हिंदुस्थानात जन्म झाल्याचा सरकारी दाखला, इंग्रजीत, सहीशिक्क्याचा, पाठवावा. तो मिळाला तर भारत सरकारची तिथली कचेरी आपला माणूस म्हणून नवीन पासपोर्ट देईल आणि मग नोंद होईल. "मी येऊन काम केलं असतं," शेवटी होतं, "पण नोंदीशिवाय इथून निघालो तर परत घेणार नाहीत."

पत्र संपल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "म्हंजे तिकडून इकडं येता येत न्हाई, अन् आम्हाला तिकडं जाता येत न्हाई. एका कागदासाठी?"

"एका कागदासाठीच," मी म्हटलं.

"मंग लिवा की. तुम्ही तर कागदच लिवता."

मुन्शीजी हसले. "बाई, आम्ही मागणारा कागद लिवतो. देणारा कागद आत बसलेला लिवतो."

केदारखेडा भोकरदन तालुक्यात. मी मोटारीनं गेलो. पोलीस पाटलांकडं गावचं जन्ममृत्यूचं बुक असे. त्यांनी माडीवरून जुनी बुकं काढली, धूळ झटकली आणि मोडीतली ओळ बोटानं दाखवली. कोंडिबा सुतार, पुत्र, महिना दै, सन तेराशे अठ्ठावीस फसली. बस्स.

"नाव कुठं आहे?" मी विचारलं.

पाटील माझ्याकडं बघतच राहिले. "नाव? जन्मल्याची वर्दी तिसऱ्या दिवशी येती अन् बारसं बाराव्या दिवशी होतंय. तिसऱ्या दिवशी नाव कुठून आणू? पुस्तकात समदे पुत्र अन् कन्याच हायेत. तुमचं तरी बघा जाऊन."

मी पुढं माझंही पाहिलं. मीही नुसता पुत्रच आहे.

म्हणजे लिंबाजी हा लिंबाजी आहे, हे सांगायला बापाचं नाव आणि तारीख एवढाच आधार उरला. तारखेवर सगळी भिस्त आहे, हे मला त्याच वेळी समजायला हवं होतं.

दाखला मिळायचा भोकरदनच्या कचेरीतून. मी कौसाबाईंना घेऊन गेलो. रेकॉर्ड कारकुनानं अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"अर्जदार कुठंय?"

"आफ्रिकेत आहेत."

"मग हजर करा."

"ते आले तर त्यांना परत जाता येणार नाही. म्हणून तर दाखला पाहिजे."

"मग तिकडूनच अर्ज करू द्या."

"तिकडचे म्हणतात इकडून आणा."

"ते तिकडचं तिकडं. इथं ज्याचा जन्म, त्याचाच अर्ज लागतो. बायकोला काय हक्क? तुमच्या लग्नाचा दाखला हाय?"

कौसाबाई म्हणाल्या, "ही पोरगी हाय." कारकून म्हणाला, पोरगी दाखला होत नाही.

आम्ही जालन्याला परतलो. मुन्शीजींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "कारकून काय म्हणाला, बराबर सांग. ज्याचा जन्म त्याचा अर्ज?"

"हो."

"मिस्तरीची माँ जिंदा आहे?"

आहे, कौसाबाई म्हणाल्या. केदारखेड्यातच असती.

"मग अर्ज तिचा लिही. जन्म काय एकट्या पोराचा असतो?"

तीन दिवसांनी रखमाबाई, म्हणजे मिस्तरींच्या आई, बैलगाडीतून भोकरदनला आल्या. मी त्यांना केदारखेड्याहूनच घेऊन निघालो होतो. रस्ताभर त्या बोलत होत्या. लिंबाजी झाला तेव्हा गावात मानमोडीची साथ होती, घरटी माणूस जात होतं, सुईण यायला भीत होती, दीर त्याच आठवड्यात गेला. मी हूं हूं करत होतो. माझ्या डोक्यात दाखल्याचं इंग्रजी चाललं होतं. 'सर्टिफाइड दॅट' पासून पुढची वाक्यं मी मनात जुळवत होतो. आयुष्यातला पहिलाच इंग्रजी दाखला होता, तोही समुद्रापार जाणारा.

कचेरीत कारकुनानं पुन्हा तोच प्रश्न केला. रखमाबाई काठी टेकून त्याच्या मेजापुढं उभ्या राहिल्या.

"अर्जदार मी हाय."

"जन्म तुमचा हाय का, आजी?"

"न्हाई, पण बाळंतपण माझं हाय. त्यो जन्मला तवा त्यो काय हजर होता का समजायला? हजर मी होते. कळा म्या देल्ल्या. तुज्या बुकात 'पुत्र' लिवलंय न्हवं? कोणाचा पुत्र? मंग दे मला कागद."

शेजारच्या मेजावरचे लोक हसायला लागले. कारकूनही हसला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त फायलीत काय लिहायचं ते हवं होतं. त्यानं अर्जावर शेरा मारला, 'मातेचा अर्ज, मंजुरीस हरकत नाही.' तहसीलदारसाहेब दुपारी दौऱ्यावर निघणार होते. कारकून म्हणाला, "इंग्रजी मसुदा जल्दी करा, सही घेऊन देतो. पुन्हा साहेब आठ दिवस न्हाईत."

मी पायरीवर बसून मसुदा केला. तेराशे अठ्ठाविसात पाचशे एक्क्याण्णव मिळवले. एकोणीसशे एकोणीस. महिना नोव्हेंबर. खाली रखमाबाईंचा आणि गावातून लिहून आणलेला पोलीस पाटलांचा जबाब जोडला, की हा पुत्र म्हणजेच लिंबाजी. सही झाली, शिक्का बसला. मी तो कागद पुन्हापुन्हा वाचत होतो. एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं.

दाखला रजिस्टर पोस्टानं गेला. मी कॉलेजात परतलो आणि मित्रांना सांगितलं, माझं इंग्रजी आफ्रिकेला गेलंय.

दिवाळीच्या सुट्टीत आलो तो लिंबाखाली कौसाबाई माझी वाटच बघत होत्या. हातात तसंच निळं पत्र. दाखला नामंजूर झाला होता. पासपोर्टावर जन्म एकोणीसशे अठरा, दाखल्यावर एकोणीस. तिथला अधिकारी म्हणाला, वर्षाचा फरक आहे आणि मूळ नोंदीत नाव नाही, त्याअर्थी हा दाखला तुझ्या पाठच्या भावाचा असावा. इकडचे लोक भावाच्या कागदावर भाऊ राहतात, असा त्याला अनुभव होता म्हणे. मार्चअखेरची तीच मुदत कायम. मिस्तरींनी पत्रात कोणाला दोष दिला नव्हता. एवढंच विचारलं होतं, "मला भाऊ नाही हे त्यांना कसं सांगावं?"

मुन्शीजींनी दाखल्याची नक्कल मागितली. क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "दै कितवा महिना?"

"दुसरा," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला सगळं कळलं. बैलगाडीतली म्हातारी आठवली. मानमोडी! ती साथ अठरा साली आली, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. आईनं मला मुलाचं जन्मसाल रस्ताभर सांगितलं होतं, आणि मी इंग्रजी जुळवत बसलो होतो.

मुन्शीजी हळूच म्हणाले, "चूप बैस. कचेरीची चूक म्हणू. साहेबाची सही आहे."

पण कौसाबाई समोर उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. हिशेब माझा चुकला. मिस्तरींचं साल मी एकानं पुढं लिहिलं."

त्यांनी पत्र घडी घालून पदराला बांधलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझा मालक तुम्ही एक वर्सानं धाकटा केला."

"हो."

"नऊ वर्सं म्या बसले. तुमच्या एका वर्सानं दहा करता का आता?" पुढं आवाज बदलला. "रडू नका, भाऊ. रडून तारीख बदलत असती तर मी कव्हाच बदलली असती. दुसरा कागद लिवा."

मी रडत होतो हे मला त्यांनी सांगितल्यावर समजलं.

दुसरा कागद सोपा नव्हता. सही झालेला दाखला चुकीचा आहे असं कोणतीच कचेरी सहजी म्हणत नाही. त्यातून त्याच महिन्यात आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, आणि भोकरदनला नवे तहसीलदार आले होते, पुण्याकडचे. जुने कारकूनही त्यांच्यापुढं दबकून होते. मी अर्ज लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं की मूळ नोंद बरोबर आहे, कचेरीचा काही दोष नाही, इंग्रजी भाषांतर करताना सन बदलण्यात चूक झाली आणि ती चूक खाली सही करणाऱ्या अर्जनविसाची आहे.

मुन्शीजींनी वाचलं. "कॉलेजवाले, हे दिलंस तर तुझ्याकडं कोणी अर्ज लिवून घेणार नाही. जो अर्जनवीस स्वतःची चूक लिवून देतो..." त्यांनी आपली पेटी उघडली. तळाशी कापडात बांधलेलं एक जाडजूड बाड होतं, त्यांच्या वडिलांनी जपलेल्या जंत्र्यांचं. जंत्री म्हणजे फसली, हिजरी आणि इंग्रजी तारखा शेजारीशेजारी छापलेलं पंचांग. तेराशे अठ्ठाविसाची जंत्री त्यांनी बाडातून सोडवली. कडा वाळवीनं खाल्लेल्या. "घेऊन चल. अन् मी पण येतो. तुझ्या एकट्याच्या तोंडाला कोण विचारतो?"

भोकरदनला मोटारीत मुन्शीजी, मी, कौसाबाई आणि वाटेत केदारखेड्याला चढलेल्या रखमाबाई. मुन्शीजींनी जंत्री मांडीवर धरली होती, गचका बसला की दोन्ही हातांनी दाबायचे.

नवे साहेब तरुण होते, कपाळाला आठ्या. अर्ज वाचून म्हणाले, "हे दै म्हणजे काय प्रकरण आहे? मराठी महिना आहे का?"

मी सांगायला लागलो आणि अडखळलो. अजूर, दै, बहमन, ऑक्टोबर, मिळवा, सोडा, सगळा गोंधळ झाला. साहेबांच्या आठ्या वाढल्या. "हे बघा, माझ्या आधीच्या अधिकाऱ्यानं विचार करूनच सही केली असेल. अर्जनवीस म्हणतो म्हणून मी साल बदलू? उद्या तुम्ही आणखी एक बदलून मागाल."

तेव्हा मुन्शीजींनी जंत्री त्यांच्यापुढं उघडून ठेवली. "हुजूर, उर्दू वाचू नका. नुसते आकडे बघा." एका रकान्यावर बोट ठेवलं. इंग्रजी आकडे स्पष्ट होते. दै महिना, समोर नोव्हेंबर, वर १९१८.

साहेब वाकले. बोटानं ओळ धरून इकडून तिकडं गेले, पुन्हा आले. मग मागं उभ्या असलेल्या म्हातारीकडं पाहिलं.

"आजी, मुलगा झाला तेव्हाचं काही आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मानमोडी चालू होती. माझा दीर गेल्ता त्याच आठवड्यात. ह्या पोराला," काठी माझ्याकडं, "समदं सांगितलं व्हतं म्या गाडीत. ह्यो हूं हूं करत होता."

साहेबांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. "माझ्या आजोबांना मानमोडीनंच नेलं," ते म्हणाले. "एकोणीसशे अठरा. आमच्या घरात ते साल कोणी विसरत नाही." त्यांनी टाक उचलला आणि थांबले. "तुम्ही लिहिलंय, चूक अर्जनविसाची. असं कोणी लिहून देत नाही. का दिलंत?"

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कुणाची नव्हती म्हणून."

नवीन दाखला त्यांनी स्वतः लिहिला. खाली एक ओळ जादा घातली, की आधीचा आणि हा दाखला एकाच इसमाचा असून नोंदीप्रमाणे त्या घरात दुसरा पुत्र नाही. ही ओळ मला सुचली नसती. त्यासाठी त्यांनी कचेरीत ठेवलेल्या नकलांची पुढच्या दहा वर्षांची बुकं कारकुनाकडून तपासून घेतली. आम्ही संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून होतो. कारकून शेवटी बाहेर आला, कपडे धुळीनं माखलेले, आणि रखमाबाईंना म्हणाला, "आजी, बरं झालं तुम्हाला एकच हाय."

त्यानंतर मुन्शीजी म्हणाले तसं झालं. बातमी लिंबाखाली पोचली आणि माझ्याकडची गर्दी ओसरली. एक गिऱ्हाईक तर तोंडावर म्हणालं, "साल चुकवणारा तू काय?" उन्हाळ्यापर्यंत मी बसलो, मग सोडलं. वाईट वाटलं. मला ते काम आवडत होतं. अजूनही कोणी माझ्यापाशी आज्यापासून सांगायला लागला की मी मनात त्याच्या तीन ओळी करत असतो.

दाखला गेला, मार्चअखेर उलटली, पण उत्तर आल्याचं मला कळलं नाही. मी परीक्षेत होतो. ती संपवून जालन्याला आलो तर कौसाबाईंच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोरीला घेऊन मुंबईला गेल्या. बोटीत बसल्या की कसं, ते तिला माहीत नव्हतं. जिनिंगच्या मुनीमांनाही नव्हतं. केदारखेडा काही फार लांब नाही. एक मोटार, अर्धा दिवस. पण मी गेलो नाही. बातमी वाईट असती तर ती रखमाबाईंच्या तोंडून ऐकावी लागली असती, आणि ते धाडस माझ्यात नव्हतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर तारखेपेक्षाही या न जाण्याची. वर्ष गेलं. वडिलांच्या कमरेच्या दुखण्यात माझं कॉलेजचंही एक वर्ष गेलं. मुंबईच्या धक्क्यावर कुणी कागद बघतोय आणि कौसाबाई मुलीचा हात धरून उभ्या आहेत, असं चित्र मला अधूनमधून दिसायचं. कागदावरचं साल काही केल्या वाचता यायचं नाही.

या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मुन्शीजींचं एक पाकीट वसतिगृहावर आलं. त्यांना आता कमी दिसतं, पण लिंबाखाली जातात. आत दुसरं पत्र होतं, निळं. वर पत्ता एवढाच, 'कॉलेजवाले अर्जनवीस, तहसील कचेरीपुढचा लिंब, जालना.' पोस्टमननं ते बरोबर नेऊन दिलं होतं.

मी ते जिन्यात उभ्यानंच वाचलं. लिंबाजी मिस्तरींनी आधी माफी मागितली होती, की इतके दिवस कळवलं नाही. दुसरा दाखला मुदतीच्या आधी अकरा दिवस पोचला. अधिकाऱ्यानं तो आणि पासपोर्ट शेजारीशेजारी ठेवले, शेवटची जादा ओळ दोनदा वाचली आणि शिक्का मारला. नवा पासपोर्ट निघाला आणि त्यांची रहिवासी म्हणून नोंद झाली. पाठोपाठ कौसाबाई आणि मुलगी बोटीनं पोचल्या. मिस्तरी त्यांना घ्यायला बंदरावर गेले, तिथं धक्क्यावर मुलीनं बापाला ओळखलं नाही, पण मिस्तरींच्या हातावरचा यंत्राच्या पट्ट्याचा जुना व्रण आईनं सांगून ठेवला होता, तो बघून ती जवळ आली. आईला, म्हणजे रखमाबाईंना, हे सगळं कधीच कळवलं होतं. त्यांना वाटलं, मला माहीतच असेल, मी येऊन जाईन.

पुढं लिहिलं होतं, 'नोव्हेंबरात आम्हाला दुसरी मुलगी झाली. इथं जन्माची नोंद लगेच करावी लागते आणि नावाशिवाय कारकून लेखणी उचलत नाही. म्हणून तिसऱ्याच दिवशी कचेरीत नाव ठेवलं, यमुना. बाराव्या दिवसाआधी नाव ठेवल्याचं आईला आवडणार नाही. तुम्ही केदारखेड्याला जाऊन तिची समजूत घालावी. रजिस्टरात पोरीचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, सगळं आहे. कौसानं काउंटरवर उभं राहून सगळं स्वतः सांगितलं आणि कारकुनाकडून दोनदा वाचून घेतलं. ती आता इथं शेजारीच बसली आहे. म्हणते, भाऊला माझा नमस्कार लिवा. अन् म्हणावं, पोरीची तारीख इंग्रजीच हाय, बराबर हाय, तिला तुम्ही बिलकुल हात लावू नका.'